कागदी हिमफुलाची सहा टोके

कागदी हिमफूल म्हणजे कागदाच्या घड्या घालून, कडा कात्रीने कापून उलगडलेली सहा टोकांची जाळीदार आकृती. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात ती बालवर्गांच्या खिडक्यांवर चिकटवली जाते. तिचा इतिहास दोन वाटांनी आला: एक बर्फाच्या निरीक्षणाची, दुसरी बालशिक्षणाची.

हिमकणाला सहा टोके असतात, ही नोंद चीनमध्ये इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातच झाली होती. युरोपात ‘सहाच का?’ हा प्रश्न योहानेस केप्लरने लावून धरला. प्रागमध्ये अंगरख्यावर पडलेले कण पाहून त्याने १६११ मध्ये एक पुस्तिका लिहिली आणि नववर्षाची भेट म्हणून आपल्या आश्रयदात्याला दिली. डाळिंबाचे दाणे आणि मधाचे पोळे तपासूनही त्याला पक्के उत्तर मिळाले नाही. गोठताना पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत बसतात, हे विसाव्या शतकात क्ष-किरणांमुळे स्पष्ट झाले.

दुसरी वाट फ्रीड्रिख फ्रोबेलची. त्याने १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. कागदाला घड्या घालणे, पट्ट्या विणणे, सुईने टोचून नक्षी काढणे आणि कातरकाम हे तिथले रोजचे उद्योग. १८४८ च्या क्रांतीनंतर देश सोडलेल्या जर्मनांबरोबर ही पद्धत अमेरिकेत गेली. त्या काळच्या शिक्षिकांच्या मार्गदर्शिकांत कातरकामाचा एक नियम होता: कापलेला तुकडा टाकायचा नाही, मूळ आकृतीभोवती मांडून नवी नक्षी करायची. भारतात याच घडीकामावरून मद्रासच्या टी. सुंदरराव यांना कागद दुमडून भूमिती शिकवण्याची कल्पना सुचली. त्यांचे इंग्रजी पुस्तक १८९३ मध्ये निघाले. त्यात षट्कोनही आहे.

खऱ्या हिमकणाचे रूप घरोघर पोहोचले ते विल्सन बेंटलीमुळे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावच्या या शेतकऱ्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शक जोडलेल्या कॅमेऱ्याने हिमकणाचे छायाचित्र घेतले. पुढे त्याने पाच हजारांहून अधिक छायाचित्रे काढली. काळ्या फळीवर कण झेलायचा, बारीक काडीने उचलायचा, पिसाने काचेवर अलगद दाबायचा, एवढीच त्याची हत्यारे. १९३१ मध्ये त्याची दोन हजारांवर चित्रे पुस्तकरूपाने आली.

कागदात सहा टोके उतरवण्याची युक्ती घडीत आहे. कागद अर्धा दुमडला की दुमडीच्या मध्यबिंदूपाशी १८० अंशांचा कोन होतो. त्याचे ६० अंशांचे तीन भाग एकावर एक घ्यायचे आणि ती घडी पुन्हा अर्धी करायची. बारा पदर होतात, म्हणून एकच काप उलगडल्यावर बारा ठिकाणी दिसतो. चौकोनाची घडी नुसती अर्ध्याची अर्धी करत गेल्यास चार किंवा आठ टोके येतात. मुलांच्या हिमफुलांत ही चूक नेहमीची. पदर जाड होतात म्हणून कागद पातळ लागतो, वर्तमानपत्रही चालते.

कात्री हाती न देण्याइतकी लहान मुले आइस्क्रीमच्या तीन काड्या मध्यावर एकमेकींवर चिकटवतात. सहा टोके आपोआप मिळतात. लोकर गुंडाळलेल्या तारेचे सहा टोकांचे फूल टाकणखाराच्या गरम, दाट द्रावणात रात्रभर टांगले की त्यावर स्फटिक धरतात. गरम पाण्याचे काम मोठ्यांनी करायचे, आणि टाकणखार मुलांच्या तोंडात जाणार नाही हे पाहायचे. तारेवरचे हे स्फटिक बर्फाचे नसतात. तिथे सहाचा आकडा तारेचा असतो.