हुरडा म्हणजे कच्चं नव्हे

हुरड्याला आलेली पाहुणी मंडळी विचारतात, "म्हणजे कच्ची ज्वारीच ना?" आपण हो म्हणून मोकळ्या होतो. पण आपल्या बोलीत कच्चं वेगळं आणि हुरडा वेगळा.

कणीस निसवलं की दाण्यात आधी दूध भरतं, मग चीक. चीक घट्ट होऊ लागला, पण दाणा अजून हिरवा आहे, अंगठ्यानं दाबला तर दबतो, तेव्हा पीक हुरड्यात आलं म्हणायचं. दाण्यात अजून साखर असते. पुढे तिचं पीठ होतं आणि गोडी जाते. म्हणून हे दिवस मोजकेच.

शब्द जुना आहे. १८५७ साली निघालेल्या मोल्सवर्थच्या कोशात हुरडा सापडतो. त्याची भावंडं तर आणखी जुनी. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकाच्या संस्कृत ग्रंथात गवताच्या जाळावर भाजलेल्या अर्ध्या पिकल्या गव्हा-जवाच्या लोंबीला उम्बी म्हटलंय, आणि तसंच भाजलेल्या कडधान्याला होलक. आपली ओंबी आणि हरभऱ्याचा हुळा आठवला ना?

जामखेड, कर्जत, श्रीगोंदा, पाथर्डीच्या रब्बी पट्ट्यात हुरडा हौसेचा होता, तसाच गरजेचाही. ज्वारीची काढणी माघ-फाल्गुनात. त्याआधीच कणगी तळाला गेली, की उभ्या रानातलं कणीस भाजून पोरांचं पोट भरायचं. आज खाल्लेला दाणा उद्या खळ्यावर कमी येणार, हे घरच्या बाईला पक्कं ठाऊक असायचं. १९७२ च्या दुष्काळात तर रानंच उजाड, हुरडा कुठला? दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची आणि रेशनची परदेशी लाल मिलो दळायची.

आता हुरड्याच्या पार्ट्या होतात. गुळभेंडी, सुरती ही जुनी वाणं आहेतच. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी फुले उत्तरा, फुले मधुर काढली. चार पैसे मिळतात, चांगलंच आहे. पण भाव बहुतेक कणसाचाच लागतो. आगटी पेटवणं, गरम कणीस हातावर चोळणं, पाखडणं, चटण्या वाटणं हे बहुतेक बायकांच्याच वाट्याला, आणि ते हिशेबात येत नाही. आमच्या मते गटानं दर ठरवताना ही मजुरी वेगळी लिहावी. घरात न येणाऱ्या ज्वारीची किंमतही धरावी. हिरवी ताटं मात्र गाईला होतात, तेवढी वजा करा.