शिवलकर-बेदी ते टेटम-ब्राऊन: सारखेच दोन खेळाडू एका संघात चालतात का?

पद्माकर शिवलकर. मुंबईचे डावखुरे फिरकीपटू. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, सरासरी १९.६९. आणि कसोटी सामने? शून्य!

३ मार्च २०२५ रोजी त्यांचं निधन झालं. ते भारताकडून का खेळले नाहीत, असं विचारलं की एकच उत्तर मिळतं: ‘बेदी होते ना!’ बिशनसिंग बेदीही डावखुरे फिरकीपटू. ६७ कसोटी, २६६ बळी. मग दोघांना एकत्र का नाही खेळवलं?

रिहे गावात टेनिस बॉलची टीम निवडतानाही हा प्रश्न येतो. दोन्ही स्पिनर एकाच पद्धतीचे असतील, तर एकाला खेळून सेट झालेल्या बॅट्समनला दुसरा सोपा जातो. कोन तोच, वळणही तेच.

बास्केटबॉलमध्येही हेच घडतं. डेट्रॉइट पिस्टन्सने २०१३-१४ मध्ये जॉश स्मिथ, ग्रेग मन्रो आणि आंद्रे ड्रमंड यांना एकत्र उतरवलं. तिघंही बास्केटजवळ खेळण्यात तरबेज, लांबून नेम मात्र कुणाचाच भरवशाचा नाही. साहजिकच आत गर्दी झाली. २९ विजय, ५३ पराभव. याउलट बॉस्टनचे जेसन टेटम आणि जेलन ब्राऊन बरेचसे सारखे, पण दोघंही लांबून बास्केट करतात आणि बचावातही कमी पडत नाहीत. त्यामुळे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. २०२४ मध्ये त्यांनी विजेतेपद जिंकलं.

म्हणजे खेळाडू सारखे आहेत का, एवढंच बघून चालत नाही. मुख्य कामाशिवाय दुसऱ्याला आणखी काय येतं, हेही बघावं लागतं. रवींद्र जडेजा आणि अक्षर पटेल दोघंही डावखुरे फिरकीपटू, तरी २०२४ च्या टी-२० विश्वचषक फायनलमध्ये एकत्र खेळले. कारण बॅटिंग. ३४ वर ३ बाद असताना आलेल्या अक्षरने ३१ चेंडूंत ४७ धावा काढल्या.

शिवलकरांच्या काळातही हे गणित होतंच. प्रसन्ना आणि वेंकटराघवन दोघंही ऑफस्पिनर, पण वेंकट बॅटिंग करायचे आणि गलीत झेल घ्यायचे. तरीही अनेकदा दोघांपैकी एकालाच जागा मिळायची. बेदी, प्रसन्ना, वेंकट आणि चंद्रशेखर हे चौघं एकत्र खेळले ते एकाच कसोटीत, १९६७ मध्ये बर्मिंगहॅमला.

पण ‘बेदी होते’ हे उत्तर मला पूर्ण पटत नाही. नोव्हेंबर १९७४ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या बंगळुरू कसोटीत बेदी नव्हते. तेव्हा हरियाणाचे डावखुरे फिरकीपटू राजिंदर गोयल यांना बोलावलं गेलं, मात्र अंतिम अकरात घेतलं नाही. रणजीत विक्रमी ६३७ बळी घेणारे गोयलही कसोटी न खेळताच निवृत्त झाले.

त्याआधी १९७२-७३ ची रणजी फायनल चेन्नईत झाली होती. शिवलकरांनी तमिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. सामना तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर संपला. बेदींनंतर १९७९ मध्ये दिलीप दोशींना संधी मिळाली, तेव्हा शिवलकर ३९ वर्षांचे होते.

कर्णधार असताना शिवलकर आणि गोयल यांच्यासाठी निवड समितीचं मन वळवता आलं नाही, ही खंत सुनील गावसकरांनी बोलून दाखवली आहे. बीसीसीआयने २०१७ मध्ये दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. एकाच वेळी.