आधी मैदान, मग मंडप : मोशीच्या प्रदर्शन केंद्राची वाटचाल

टाटांची ‘इंडिका’ मोटार घडली पिंपरीत, पण लोकांनी ती पहिल्यांदा पाहिली दिल्लीत. जानेवारी १९९८ च्या ऑटो एक्स्पोत, प्रगती मैदानावर. दहा वर्षांनी, १० जानेवारी २००८ रोजी, ‘नॅनो’चे अनावरणही तिथेच झाले. यात गैर काही नव्हते. मंत्री, वकिलाती, वृत्तवाहिन्या सगळे राजधानीत; मोटारही तिकडेच मिरवायला जाणार. पण एका मोटारीत हजारो सुटे भाग असतात. ते करणाऱ्या भोसरीच्या कारखानदाराने आपला माल कुठे मांडायचा? त्याचे गिऱ्हाईक चाकणला, तळेगावला, फार तर रांजणगावला. त्याला दिल्लीचा फोटो नको असतो; खरेदी विभागातला माणूस पंधरा मिनिटे समोर उभा राहायला हवा असतो. पिंपरी-चिंचवडमधल्या प्रदर्शन केंद्रांची वाटचाल या गरजेतून सुरू होते.

गरज निर्माण व्हायला आधी कारखाने यावे लागले. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि माळरानांवर एमआयडीसीचे दगड रोवले गेले. आकुर्डीत बजाज, चिंचवडला बेअरिंगचे कारखाने, पिंपरीत टाटांची टेल्को. टेल्कोचे सुमंत मूळगावकर यांनी इथे ट्रकची घाई केली नाही. आधी यंत्रे आणि डाय बनवणारा विभाग उभारला, मुले प्रशिक्षणाला घेतली. पुण्याचा पहिला ट्रक १९७७ मध्ये बाहेर पडला. मोठ्या कारखान्यांत हात तयार झालेले अनेक जण पुढे कर्ज काढून, एखादा लेथ घेऊन भोसरीच्या गाळ्यांत स्वतःच मालक झाले. कुणी टर्निंग धरले, कुणी फिक्स्चर, कुणी हीट ट्रीटमेंट. काम चोख, पण बहुतेकांचे गिऱ्हाईक एखाद-दुसरेच. त्या कंपनीने ऑर्डर आखडली की गाळ्याचा वीजबिलाशी झगडा सुरू. दुसरे गिऱ्हाईक मिळवायचे तर आपण काय करू शकतो हे दाखवायला जागा हवी, आणि माल मापात आहे याचा दाखलाही हवा.

मांडून दाखवण्याची कल्पना पुण्याला नवी नव्हती. १८९० मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात औद्योगिक परिषद भरवली होती. आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाणारे वस्तुसंग्रहालयही त्याच काळात औद्योगिक संग्रहालय म्हणून सुरू झाले. १९३४ मध्ये मराठा चेंबर स्थापन झाले आणि इथल्या उद्योजकांना एकत्र बसायला हक्काची संस्था मिळाली. याच चेंबरने पुढे महापालिकेच्या जोडीने चिंचवडच्या ऑटो क्लस्टर या संस्थेला हातभार लावला.

ऑटो क्लस्टरमागे केंद्र सरकारची एक योजना होती. औद्योगिक वसाहतींच्या पायाभूत सुविधा सुधारण्यासाठी डिसेंबर २००३ मध्ये ती जाहीर झाली. प्रकल्पखर्चाच्या ७५ टक्के रक्कम, कमाल ५० कोटी रुपये केंद्राने द्यायची, बाकीचा भार उद्योग आणि स्थानिक संस्थांनी उचलायचा. एकट्या गाळेवाल्याला न परवडणारी यंत्रणा सगळ्यांनी मिळून उभारावी, हा तिचा हिशेब. त्यातून जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत चाचणी आणि मोजमापाच्या प्रयोगशाळा आल्या, झटपट नमुना तयार करण्याची सोय आली, आणि त्याच आवारात सभागृह व प्रदर्शनाची दालने आली. या जोडणीतच संस्थेचे वेगळेपण आहे. एका इमारतीत भागाची तपासणी, शेजारच्या दालनात त्याची मांडणी. यंत्रसामग्रीची प्रदर्शने इथे भरू लागली तेव्हा सीएनसी चालवणारे ऑपरेटर कामाच्या कपड्यांतच यायचे. यंत्र चालू करून दाखवा, म्हणायचे. पुढे नवउद्योजकांसाठी महापालिकेचे इन्क्युबेशन केंद्रही याच आवारात सुरू झाले. २०२० मध्ये कोविडचा कहर वाढला तेव्हा इथेच रुग्णालय थाटावे लागले. मोठ्या छताची, विजेची आणि गाड्या वळवायला जागा असलेली वास्तू शहराला एरवी किती उपयोगी पडते, ते त्या वेळी कळले.

पण चिंचवडचे आवार मध्यवस्तीतले, वाढायला जागा नाही. उद्योग मात्र उत्तरेकडे सरकत होता. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, २०१० मध्ये महिंद्र. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण मोटारींचे गाव झाले. चाकण आणि पिंपरी यांच्या मधोमध, पुणे-नाशिक महामार्गावर मोशी. तिथे पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाच्या पेठ ५ आणि ८ मध्ये सुमारे २४० एकरांवर आंतरराष्ट्रीय प्रदर्शन आणि परिषद केंद्राचा आराखडा आखला गेला. बंदिस्त दालने, परिषद सभागृहे, हॉटेले असे सगळे त्यात होते. त्या काळी पुण्याचा नवा विमानतळही चाकण-राजगुरुनगर भागातच होणार, असे धरून चालले होते. २०१६ मध्ये विमानतळ पुरंदरकडे वळला आणि आराखड्यातला एक मोठा आधार निसटला.

या जमिनीची एक दुसरी बाजूही या वाटचालीत नोंदवायला हवी. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणाने भोसरी, मोशी, चिखली, आकुर्डी, निगडी अशा गावांच्या शेतजमिनी नवनगरासाठी संपादित केल्या. सुरुवातीच्या वर्षांत जमिनी दिलेल्यांच्या साडेबारा टक्के जमीन परताव्याचा प्रश्न पिढ्या बदलल्या तरी रेंगाळत राहिला. प्रदर्शनाला आलेला पाहुणा जिथे गाडी लावतो, तिथे कुणाचे तरी बाजरीचे शेत होते.

मोठी दालने येण्याआधी मोशीचे मैदानच कामाला लागले. पहिला टप्पा खुल्या प्रदर्शनाचा. आणि गंमत म्हणजे, मोटारींच्या या पट्ट्यात मैदानाला ओळख दिली ती शेतीने. पुण्यात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भरणारे ‘किसान’ प्रदर्शन मोशीला आले आणि डिसेंबर म्हणजे मोशी हे समीकरण राज्यभरच्या शेतकऱ्यांत रुजले. पाच दिवस, पंधराएक एकरांवर मांडामांड. विदर्भातून रात्रीच्या गाडीने, मराठवाड्यातून जीप करून माणसे येतात. ठिबकचे पाइप हाताने दाबून बघतात, पॉवर टिलरची किंमत वहीत लिहून घेतात, ड्रोन फवारणी करताना पाहतात आणि ‘एकरी किती?’ एवढे एकच विचारतात. इथे कारखानदार आणि शेतकरी समोरासमोर येतात. अवजार बनवणाऱ्याला आपले अवजार मातीत कुठे अडते, हे इथे ऐकायला मिळते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये याच मैदानावर महाराष्ट्र एमएसएमई डिफेन्स एक्स्पो भरला, २४ ते २६ अशा तीन दिवसांचा. रणगाडे आणि तोफा बघायला कुटुंबे लोटली. पण लहान उद्योजकांच्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते संरक्षण खात्याला काय लागते हे जवळून समजणे. मोटारीचा भाग करणाऱ्याच्या यंत्रावर तोफेचा भागही होऊ शकतो. फरक पडतो तो धातूच्या दर्जात, कागदपत्रांत आणि मोजमापाच्या काटेकोरपणात.

पक्क्या दालनाविना असे प्रदर्शन उभे करणे सोपे नसते. आधी जमीन सपाट करून मुरूम दाबायचा, मग ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे जर्मन हँगर उभे करायचे, लाकडी तळ, गालिचा, थंड हवा, जनरेटर, फिरती स्वच्छतागृहे. पाच दिवसांनी सगळे उचलायचे. शेतीच्या अवजारांना हे चालते. पण काही टन वजनाचे मशिनिंग सेंटर मांडायचे तर वजन पेलणारी पक्की फरशी, क्रेन, थ्री फेज वीज आणि दाबाची हवा लागते. जमीन जराशी खचली तरी यंत्राची लेव्हल बिघडते. म्हणून यंत्रांची प्रदर्शने चिंचवडच्या दालनांत आणि पसाऱ्याची प्रदर्शने मोशीत, अशी वाटणी बरीच वर्षे चालत आली.

जून २०२१ मध्ये प्राधिकरण विसर्जित होऊन त्याचा कारभार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) आणि महापालिकेत विभागला गेला, आणि मोशीचे केंद्र पीएमआरडीएकडे आले. कारभारी बदलला, मैदानाचे काम चालू राहिले.

राजधानीचा क्रम उलटा होता : आधी दालने, मग जत्रा. प्रगती मैदानावर १९७२ च्या एशिया-७२ जत्रेसाठी राज रेवल यांच्या कल्पनेतून आणि महेंद्र राज यांच्या संरचनेतून हॉल ऑफ नेशन्स उभे राहिले. एप्रिल २०१७ मध्ये ते पाडले आणि २६ जुलै २०२३ रोजी त्या परिसरात भारत मंडपमचे उद्घाटन झाले. १२३ एकरांचे ते संकुल. मोशीची जागा त्याच्या जवळजवळ दुप्पट. पण मोशीला जवळचे उदाहरण दिल्लीपेक्षा हॅनोव्हरचे. तिथली जगप्रसिद्ध जत्रा १९४७ मध्ये युद्धानंतर रिकाम्या पडलेल्या धातुकारखान्याच्या शेडमध्ये भरली होती. गिऱ्हाईक आले, करार झाले, आणि दालने त्यांच्या मागून वाढत गेली.

मोशीतही उपयोग आधी आला आहे, आणि ही या संस्थेची खरी पुंजी आहे. पुढची बांधणी करताना काचेच्या दर्शनी भागाआधी दालनातल्या फरशीची ताकद ठरवावी लागेल. नाशिक महामार्गावर चाकणच्या कंटेनरच्या रांगेत अडकणाऱ्या पाहुण्यासाठी मेट्रो किंवा निदान वेगळी बस लागेल. लांबून येणाऱ्या शेतकऱ्यासाठी तारांकित हॉटेलाच्या जोडीला स्वस्त मुक्कामाची सोय लागेल, आणि दोन-तीन गाळेवाल्यांनी मिळून घेण्याजोगा लहान, परवडणारा स्टॉलही. इंडिका दाखवायला दिल्ली होतीच, यापुढेही असेल. तिच्यातला बोल्ट करणाऱ्याला सकाळी निघून, माल दाखवून, दोन नवी कोटेशन खिशात घालून संध्याकाळच्या शिफ्टला परत पोचता आले, की मोशीचे केंद्र या पट्ट्याचे झाले म्हणायचे.