भोंग्याच्या चालीवरून आपल्या चालीवर : पेसमेकरची गोष्ट

आजच्या भागाचं निमित्त आमचे आप्पा. वय चौऱ्याहत्तर, साखर पेठेतलं घर, आणि गेल्या वर्षीपासून डाव्या खांद्याखाली बसवलेला पेसमेकर. चक्कर येणं थांबलं, पण सायकलवर थोडा चढ लागला की आप्पा उतरून उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "मशीन आहे रे, ते आपल्या चालीनं चालणार. आपणच जुळवून घ्यायचं."

हे ऐकून मी या यंत्राचा इतिहास वाचायला बसलो. आप्पांचं म्हणणं खरं होतं, फक्त साठेक वर्षं जुनं होतं.

सुरुवातीचे पेसमेकर भिंतीवरच्या विजेवर चालायचे. 31 ऑक्टोबर 1957 ला अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये वीज गेली. तिथे डॉ. वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया करत, आणि त्यांतली काही मुलं अशा यंत्रांवर होती. (सोलापूरकरांना वीज जाणं म्हणजे काय ते सांगायला नको.) लिलेहाय यांनी अर्ल बॅकन या दुरुस्तीवाल्या इंजिनिअरला गाठलं. बॅकननं एका मासिकात मेट्रोनोमचं, म्हणजे गाणाऱ्यांसाठी ठेका धरणाऱ्या यंत्राचं सर्किट पाहिलं होतं. त्यावरून त्यानं महिनाभरात बॅटरीवर चालणारी, अंगावर बांधता येणारी छोटी पेटी तयार केली.

ती पेटी शरीराबाहेर होती. शरीराच्या आत पहिली बसली 8 ऑक्टोबर 1958 ला, स्वीडनमध्ये. रुग्ण आर्ने लार्सन, वय 43. दिवसाला वीस-तीस वेळा हृदय थांबून शुद्ध हरपायची. त्यांच्या बायकोनं, एल्से-मारी यांनी, सर्जन ओके सेनिंग आणि इंजिनिअर रुने एल्मक्विस्ट यांच्यामागे अक्षरशः तगादा लावला. एल्मक्विस्टनं बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा वापरून यंत्र ओतलं. ते काही तासांतच बंद पडलं! जोडीला दुसरं तयार होतं म्हणून निभावलं. लार्सन पुढे 2001 पर्यंत जगले. आयुष्यभरात 26 यंत्रं बदलली, आणि सेनिंग व एल्मक्विस्ट दोघांच्याही मागे राहिले.

पण ती पहिली यंत्रं आपल्या गिरणीच्या भोंग्यासारखी होती. माणूस झोपलेला असो की जिना चढत असो, ठोका ठरलेलाच. गती बदलायची तर काही यंत्रांमध्ये कातडीतून सुई घालून आतला स्क्रू फिरवावा लागे. मग हृदय स्वतः ठोका देत असेल तेव्हा गप्प राहणारी यंत्रं आली. 1970 च्या दशकात बाहेरूनच सेटिंग बदलता येऊ लागलं. 1972 पासून लिथियमची बॅटरी आली आणि दोनेक वर्षांनी यंत्र बदलण्याचा जाच कमी झाला.

1980 च्या दशकातली भर मला सगळ्यात मजेशीर वाटते. शरीराची हालचाल ओळखून गती वाढवणारा सेन्सर. तो हादरे मोजायचा. त्यामुळे जिना चढताना गती कमी वाढायची आणि उतरताना जास्त, कारण उतरताना पाय धपाधप पडतात. म्हणजे गरज असते तेव्हा कंजुषी, नसते तेव्हा उधळपट्टी.

इथे मला आप्पांची सायकल आठवली. सायकलवर पाय फिरतात, पण छाती जवळजवळ स्थिर. आप्पांच्या हृदयाची मूळ गतीच मंदावलेली, त्यामुळे वाढ यायची ती सेन्सरकडूनच. आणि सेन्सरला वाटे, म्हातारबा खुर्चीत बसलेत.

पुढच्या तपासणीला आम्ही डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी प्रोग्रामरचा हात छातीवर ठेवला, आप्पांना बाहेर बोळात चालायला लावलं, आलेख पाहिला आणि सेन्सर थोडा तिखट केला. ना सुई, ना टाका. आप्पा म्हणाले, "एवढंच होतं होय? मग आधी का नाही विचारलं?" मी गप्प. कारण मीसुद्धा नव्हतं विचारलं.

पहिला आठवडा जरा धडधड वाटली, तेव्हा परत जाऊन थोडं कमी करून घेतलं. आता आप्पा तपासणीला जाताना चिठ्ठी नेतात : कुठे धाप लागली, किती पायऱ्यांनंतर, रात्री काय वाटलं. मोबाइल मात्र अजून सवयीनं डाव्या खिशातच टाकतात, तो मी काढून उजव्या खिशात ठेवतो.

मागच्या चिठ्ठीच्या तळाला एक ओळ होती : "संक्रांतीला नंदीध्वजांबरोबर चालायचं आहे. जमेल तेवढं."