बालोची बस आणि माझं खोटं

आधी एक कबुली. मणी कौल यांचा 'उसकी रोटी' मी पहिल्यांदा बघितला तो पुण्यात, हॉस्टेलच्या कॉटवर आडवा होऊन, मोबाइलवर, दीडपट वेगाने. अर्ध्या तासात मला झोप लागली. दोन दिवसांनी आमच्या सिनेमावेड्या टोळक्यात विषय निघाला, तेव्हा मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "काळाचा काय विलक्षण वापर आहे!" सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या किती जणांना माझ्यासारखीच झोप लागली होती, ते मी कधी विचारलं नाही.

माझा रूममेट स्पर्धा परीक्षांची तयारी करायचा. त्याने सरळ विचारलं, "गोष्ट काय आहे?"

"पंजाबातली एक बाई, बालो. नवरा सुच्चासिंग बस ड्रायव्हर. ती रोज त्याची रोटी घेऊन चालत रस्त्यावर येते आणि बसची वाट बघते."

"मग?"

"एक दिवस तिला उशीर होतो. तो रागावून रोटी न घेताच निघून जातो. ती वाट बघत बसते."

"आणि हे बनवायला पैसे कुणी दिले?"

"सरकारने."

तो हसला नाही. "कुणासाठी?" एवढंच म्हणाला. मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायला म्हणून मी या सिनेमाचा इतिहास वाचायला लागलो.

सरकारने १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन काढलं. चित्रपट करणाऱ्यांना कर्ज द्यायचं, म्हणजे त्यांना खासगी सावकारांच्या दारात उभं राहावं लागणार नाही, ही कल्पना. साठचं दशक संपत आलं तसं कॉर्पोरेशनने नव्या लोकांच्या कमी खर्चाच्या सिनेमांना पैसे द्यायला सुरुवात केली. त्यातून मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' आला, बासू चटर्जींचा 'सारा आकाश' आला आणि १९७० सालचा 'उसकी रोटी'. मोहन राकेश यांच्या कथेवरचा, मणी कौल यांचा पहिला कथापट. वय जेमतेम पंचवीस. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारातून, शिकून बाहेर पडलेला पोरगा. शिक्षक कोण, तर ऋत्विक घटक.

तेव्हा बाहेर काय चाललं होतं? 'आराधना' १९६९ साली लागला होता आणि देश राजेश खन्नाच्या मागे वेडा झाला होता. अशा वेळी हा मुलगा एक बाई रस्त्याकडेला बसलेली दाखवतो. नट भावना न दाखवता, पाठ केल्यासारखे संवाद म्हणतात. फ्रेंच दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँ यांचा हा प्रभाव. कॅमेरा के. के. महाजन यांचा. त्यांना या छायाचित्रणासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि सिनेमाला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार. पण लोकप्रिय नियतकालिकांनी सिनेमाला झोडपलं.

दुसऱ्यांदा मी तो बघितला मोठ्या पडद्यावर, पुण्यातच. खुर्चीत बसलो की वेग वाढवता येत नाही, ही त्यातली पहिली अडचण. वीस मिनिटं खरोखर छळ झाला. मी घड्याळ बघितलं, मागच्या रांगेतला एक जण उठून गेला त्याचा हेवा केला. मग केव्हातरी 'पुढे काय होणार' हा प्रश्न माझ्या डोक्यातून निघून गेला आणि मी समोर जे आहे ते बघायला लागलो. पीठ मळणारे हात. धूळ. बसच्या आवाजाने वर उचललेली मान.

एक गोष्ट आधी वाचली होती, ती आता डोळ्यांना दिसली. कौल यांनी मुख्यतः दोनच लेन्स वापरल्या होत्या, २८ आणि १३५ मिलिमीटरच्या. पहिलीत जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट दिसतं. दुसरीत माणूस तेवढा स्पष्ट, मागचं जग धूसर. सुरुवातीची योजना अशी की बालोचं प्रत्यक्ष जगणं एका लेन्समधून दाखवायचं आणि तिच्या मनातलं दुसऱ्या. पुढे सिनेमा ही वाटणी हळूहळू सोडून देतो. त्यामुळे शेवटाकडे बस येते, तेव्हा ती खरंच आली की बालोला आल्यासारखी वाटली, हे मला ठरवता आलं नाही. दिवसभर कुणाची वाट बघितली आहे का तुम्ही? तसंच होतं. दर आवाज त्याचाच वाटतो.

पुढे मणी कौल झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकले, १९८२ साली त्यांनी 'ध्रुपद' नावाचा चित्रपटही केला. हे कळल्यावर मला जरा हायसं वाटलं. आलाप ऐकताना 'यात घडतंय काय' असं आपण विचारत नाही. एकेका सुराजवळ थांबायला लागतं, एवढंच.

म्हणून रूममेटचा प्रश्न मिटत नाही. तो एकट्याचा प्रश्न नव्हताच. सत्यजित राय यांनी १९७४ साली एका लेखात कौल यांचा 'दुविधा' आणि कुमार शहानी यांचा 'माया दर्पण' यांच्यावर कडक टीका केली. राय काही मसालापटवाले नव्हते. १९७६ साली संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीनेही कॉर्पोरेशनच्या अशा कर्जांवर बोट ठेवलं. लोकांचा पैसा, आणि लोकच बघत नाहीत, ही तक्रार खोटी नाही. पण सिनेमे थिएटरपर्यंत धड पोचवायची सोयही कुणी केली नव्हती. जे दाखवलंच नाही ते लोकांनी नाकारलं, असं कसं म्हणायचं?

तिसऱ्यांदा बघितला तो सुट्टीत, सांगलीकडे आमच्या घरी, लॅपटॉपवर. आई मेथी निवडायला शेजारी येऊन बसली. "काय बघतोयस?" म्हणाली. मी सांगायच्या आधीच तिचं लक्ष पडद्यावर गेलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "गार झाल्या असतील की रे चपात्या तिच्या."

मला सिनेमाभर लेन्सा दिसल्या होत्या. फडक्यात बांधलेल्या रोट्या गार होत असतील, हे दोनदा बघूनही डोक्यात आलं नव्हतं.

थोड्या वेळाने म्हणाली, "बस चुकायचं भ्या नाही तिला. तो काय बोलेल त्याचं भ्या आहे."

बाबांची सेकंड शिफ्ट असायची तेव्हा ती रात्री साडेबारापर्यंत जेवायची नाही. ताटं घेऊन बसलेली असायची. बाबा कधी ओरडले नाहीत, पण तिने आधी जेवून घ्यावं असंही कधी म्हणाले नाहीत. मीही नाही. मी शिकायला बाहेर पडलो, आणि घरी आलो की 'वाढून ठेवलंय' हे ऐकायची मलाही सवय झाली.

सिनेमा संपायच्या आधीच ती उठली. "उगाच लांबवलंय पण," म्हणाली आणि भाजी फोडणीला टाकायला गेली. म्हणजे राय यांच्या बाजूनेही एक मत पडलं.

त्या रात्री मी आईला आधी जेवायला बसवलं. ती अवघडून बसली, दोनदा उठली. तिला ते काही फारसं आवडलं नाही.

पुण्याला परतल्यावर रूममेटला खरं सांगितलं, की पहिल्यांदा मी झोपलो होतो. तो म्हणाला, "माहीत होतं. घोरत होतास." मग म्हणाला, "बघू का मी?"

मी म्हटलं, "बघ. फक्त वेग वाढवू नकोस. आणि कंटाळा आला तर आला म्हण."