गॅरेजचा दरवाजा आपोआप बंद होतो, पण मध्ये कुणी आलं तर थांबतो का? महिन्यातून एकदा करायच्या 3 चाचण्या

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, नातवंडं लहान आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी तिकडे. हे चित्र आता आपल्याकडच्या अनेक घरांत ओळखीचं झालंय. तिथे गेल्यावर एक गोष्ट पटकन लक्षात येते. घराच्या पुढच्या दारापेक्षा गॅरेजचा दरवाजाच जास्त वापरला जातो. बटण दाबलं की दरवाजा वर, गाडी आत, पुन्हा बटण, दरवाजा खाली. नातवंडांना तर तो खेळच वाटतो.

पण बहुतेक घरांत हलणारी सगळ्यात मोठी आणि जड वस्तू हीच असते. दोन गाड्यांच्या गॅरेजचा पत्र्याचा दरवाजा सहज 70 ते 90 किलोचा असतो, लाकडी असेल तर आणखी जड. तो रोज नीट उघडतोय, एवढ्यावरून तो सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही. खरा प्रश्न हा की खाली येताना मध्ये कुणी आलं, तर तो परत वर जातो का? याचं उत्तर घरच्या घरी तपासता येतं. कसं, ते पाहू.

आधी हे समजून घ्या: वजन मोटर उचलत नाही

छताला लटकलेली मोटर म्हणजे ओपनर. दरवाजाचं वजन हीच मोटर उचलते, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वजन पेलतात त्या स्प्रिंगा. काही घरांत दरवाजाच्या वर आडव्या दांड्यावर पीळ दिलेली जाड स्प्रिंग असते, तर काही घरांत दोन्ही बाजूंच्या रुळांवर ताणलेल्या लांब स्प्रिंगा असतात. दरवाजा खाली येताना स्प्रिंगमध्ये ताण साठतो आणि वर जाताना तोच ताण वजन उचलायला मदत करतो. मोटर फक्त ढकलायचं आणि ओढायचं काम करते.

म्हणूनच स्प्रिंग कमकुवत झाली की मोटरवर भार येतो, आणि तुटली की सगळं वजन उघडं पडतं. साध्या स्प्रिंगचं आयुष्य साधारण 10,000 वेळा उघड-बंद होण्याइतकं धरलं जातं. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण दिवसातून 4 वेळा दरवाजा वापरला, तर 2,500 दिवसांत, म्हणजे जेमतेम 7 वर्षांत तो संपतो.

1993 हे वर्ष का महत्त्वाचं?

आपोआप बंद होणाऱ्या दरवाजाखाली लहान मुलं दबून दगावल्याच्या घटनांनंतर अमेरिकेत 1990 मध्ये कायदा झाला. त्यानुसार 1 जानेवारी 1993 पासून बनलेल्या प्रत्येक घरगुती ओपनरला, मध्ये काही आलं की दरवाजा उलटा फिरवणारी अंतर्गत यंत्रणा तर हवीच, शिवाय बाहेरून लावलेलं आणखी एक संरक्षणही हवं.

हे दुसरं संरक्षण म्हणजे बहुतेक ठिकाणी दिसणारा फोटो-आय. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून 6 इंचांपेक्षा जास्त उंच नसलेल्या दोन छोट्या डब्या असतात. एकीतून न दिसणारा किरण निघतो आणि दुसरी तो पकडते. दरवाजा बंद होत असताना हा किरण तुटला, तर दरवाजा थांबून परत वर गेला पाहिजे. रांगणारं बाळ किंवा खाली वाकलेलं मूलसुद्धा किरणात यावं, म्हणून ही उंची इतकी कमी ठेवलेली असते.

जुन्या घरात भाड्याने राहायला गेला असाल आणि फोटो-आय किंवा दरवाजाच्या खालच्या कडेला सेन्सर दिसत नसेल, तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. तो ओपनर बदलून घ्या किंवा घरमालकाकडे तशी लेखी मागणी करा.

3 चाचण्या, महिन्यातून एकदा

मुलांना घरात पाठवा, गाडी बाहेर काढा आणि मग सुरुवात करा. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये फट दिसत असेल, केबल सैल लोंबत असेल किंवा दरवाजा वाकडा झाला असेल, तर कुठलीच चाचणी करू नका. थेट तंत्रज्ञाला बोलवा.

1. तोल: दरवाजा पूर्ण बंद करा. ओपनरजवळ लोंबणारी लाल मुठीची दोरी ओढा, म्हणजे दरवाजा मोटरपासून सुटा होतो. आता हाताने तो अर्ध्यापर्यंत, 3 ते 4 फूट उचला. तोल बरोबर असेल तर दरवाजा जवळपास तिथेच राहील. तो धाडकन खाली येऊ पाहत असेल किंवा स्वतःहून वर पळत असेल, तर स्प्रिंगचं काम निघालंय. उचलताना खूपच जड लागला तर जोर लावू नका, तिथेच थांबा. चाचणी झाली की दरवाजा बंद करून मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे मोटरला पुन्हा जोडा.

2. लाकूड: दरवाजा उघडा आणि उंबरठ्याच्या मध्यभागी साधारण दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवा. अमेरिकेतल्या हार्डवेअरच्या दुकानात टू-बाय-फोर म्हणून मिळणारं लाकूड चालतं. आता दरवाजा बंद करा. फळीला टेकल्यावर 2 सेकंदांच्या आत तो परत वर जायला हवा. नुसता थांबला किंवा फळी दाबत राहिला, तर चाचणी नापास.

3. किरण: दरवाजा बंद करायला लावा आणि बाजूला उभं राहून झाडूचा दांडा फोटो-आयसमोर धरा. दरवाजा लगेच थांबून वर गेला पाहिजे. ही चाचणी स्वतःचा हातपाय मध्ये घालून कधीही करू नका.

यातली एक जरी चाचणी नापास झाली, तरी दुरुस्ती होईपर्यंत ओपनर वापरू नका. तोल बिघडला असेल तर दरवाजा हातानेही उचलू नका.

दरवाजा बंदच होत नाही? बटण दाबून धरू नका

दरवाजा खाली यायला लागतो आणि अर्ध्यातून परत जातो, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा कारण साधं असतं. फोटो-आयवर धूळ किंवा कोळ्याचं जाळं बसतं, एखादी डबी सायकलचा धक्का लागून तिरकी होते किंवा संध्याकाळचं ऊन थेट तिच्यावर पडतं. मऊ कापडाने भिंगं पुसा आणि दोन्ही डब्या समोरासमोर आणा. दोन्हींवरचे छोटे दिवे स्थिर पेटले, तर किरण जुळला असं समजा.

इथे एक शॉर्टकट बरेच जण वापरतात. भिंतीवरचं बटण दाबून धरलं की किरण तुटलेला असतानाही दरवाजा खाली येतो. ही सोय अडचणीच्या वेळेसाठी आहे, तेही दरवाजा पूर्ण डोळ्यांसमोर असताना. रोजची सवय म्हणून असं बटण दाबून धरणं म्हणजे फोटो-आय काढून फेकून देण्यासारखंच आहे. दोन्ही डब्या वर छताजवळ एकमेकींसमोर चिकटवून ठेवण्याचे प्रकारही होतात. असं कुठे दिसलं, तर आधी ते नीट करून घ्या.

लाल दोरी कधी ओढायची?

वीज गेली किंवा कुणी अडकलं, तर हीच दोरी कामाला येते. म्हणून ती कुठे आहे आणि कशी ओढायची, हे आजी-आजोबांसकट घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं. शक्यतो दरवाजा बंद असतानाच ती ओढा. दरवाजा वर असताना स्प्रिंग तुटलेली असेल, तर दोरी ओढताच तो कोसळू शकतो.

कॅलिफोर्नियात 2017 च्या वणव्यांमध्ये वीज गेल्यावर काही जणांना गॅरेजचे दरवाजे उघडता आले नाहीत. त्यानंतर झालेल्या कायद्यामुळे 1 जुलै 2019 पासून तिथे विकल्या आणि बसवल्या जाणाऱ्या घरगुती ओपनरना बॅटरी बॅकअप बंधनकारक आहे.

देखभाल: काय करायचं, काय नाही?

- बिजागऱ्या, लोखंडी चाकांचे बेअरिंग आणि स्प्रिंग यांना वर्षातून दोनदा सिलिकॉन किंवा लिथियमचं वंगण द्या.
- रुळांना वंगण लावू नका. ते फक्त पुसून घ्या, नाहीतर धूळ चिकटते.
- सैल नटबोल्ट आवळा. पण स्प्रिंगला, केबलला आणि दरवाजाच्या तळाशी केबल अडकवलेल्या लोखंडी पट्टीला हात लावू नका. त्यांच्यावर कायम ताण असतो. हे काम तंत्रज्ञाचंच.
- स्प्रिंगा रुळांवर ताणलेल्या प्रकारच्या असतील, तर प्रत्येकीच्या आतून सुरक्षा-केबल गेलीय ना, ते पाहा. स्प्रिंग तुटली तर तिचे तुकडे त्यामुळे उडत नाहीत.

मुलं, रिमोट आणि गाडीचा धूर

- भिंतीवरचं बटण जमिनीपासून किमान 5 फूट उंच हवं, आणि तिथून दरवाजा दिसायला हवा.
- दरवाजा पूर्ण बंद होईपर्यंत नजर हटवू नका. खाली येणाऱ्या दरवाजाखालून पळण्याची शर्यत मुलांना कधीच लावू देऊ नका. दोन फळ्यांच्या जोडात बोटं चेमटतात, हेही त्यांना सांगा.
- मोबाइल ॲपवरून दरवाजा बंद करताना तो हलण्याआधी निदान 5 सेकंद दिवा लुकलुकतो आणि आवाज येतो. तो ऐकू आला की दरवाजापासून लांब व्हायचं, हे मुलांना आणि पाहुण्यांना सांगून ठेवा.
- रिमोट गाडीत समोर लटकवून ठेवू नका. चोराने गाडी फोडली, तर तीच घराची किल्ली ठरते. छोट्या स्विचांनी कोड लावायचा जुना रिमोट असेल तर बदला. 2015 मध्ये सुरक्षा संशोधक सॅमी कामकार यांनी एका खेळण्यात बदल करून असे कायम एकच कोड वापरणारे दरवाजे 10 सेकंदांत उघडता येतात, हे दाखवून दिलं होतं.
- गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून बसू नका, दरवाजा उघडा असला तरी. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो घरातही शिरतो. बटणावर सुरू होणारी गाडी खरंच बंद झालीय ना, हे उतरताना पाहा.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात असे दरवाजे कमी दिसतात. पण बंगल्यांना आणि सोसायट्यांना मोटरवर सरकणारी गेट आणि शटर आता बसतायत. वस्तू वेगळी असली तरी प्रश्न तोच आहे. म्हणून गेट बसवणाऱ्याला चार गोष्टी विचारा. फोटोसेल लावलाय का? अडथळा आला तर गेट उलटं फिरतं का? रुळाच्या टोकाला गेट पडू नये म्हणून पक्का अडसर आहे का? वीज गेल्यावर ते हाताने उघडायची चावी कुणाकडे राहणार? मग पैसे देण्याआधी त्याच्यासमोरच किरणात झाडूचा दांडा धरून बघा. गेट थांबलं नाही, तर काम अजून पूर्ण झालेलं नाही.