विकत घेतलेला गेम नेमका कुणाचा?

जून २०१३ मध्ये सोनी कंपनीने इंटरनेटवर एक छोटीशी चित्रफीत प्रसिद्ध केली. प्लेस्टेशन ४ या नव्या कन्सोलवर आपला गेम दुसऱ्याला कसा द्यावा, याचे 'प्रात्यक्षिक' तीत होते. शुहेई योशिदा आणि ॲडम बॉइज हे कंपनीचे दोन अधिकारी समोरासमोर उभे आहेत. एक जण गेमची डबी दुसऱ्याच्या हाती देतो, दुसरा आभार मानतो आणि प्रात्यक्षिक संपते. अर्ध्या मिनिटाचीही नसलेली ही फीत जगभर लाखो लोकांनी पाहिली व ते मनसोक्त हसले. एरवी हास्यास्पद वाटावी इतकी साधी गोष्ट त्या आठवड्यात हसण्याचा विषय का ठरली, हे समजून घ्यायचे तर खेळ 'विकत घेणे' या शब्दांचा अर्थ कसा बदलत गेला, ते पाहावे लागते.

पुस्तकापासून सुरुवात

या वादाचे मूळ शंभर वर्षांहून जुने आहे. अमेरिकेतील बॉब्स-मेरिल या प्रकाशन संस्थेने 'द कास्टअवे' या कादंबरीच्या प्रतींवर एक सूचना छापली होती. पुस्तकाची किंमत एक डॉलर असून त्याहून कमी दराने ते विकल्यास स्वामित्वहक्काचा भंग मानला जाईल, असा तिचा आशय होता. न्यूयॉर्कमधील मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०८ मध्ये निकाल दुकानाच्या बाजूने लागला. एखादी प्रत एकदा विकली की त्या विशिष्ट प्रतीच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचे नियंत्रण उरत नाही, हे 'प्रथम विक्री'चे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. मजकुराची नवी प्रत काढण्याचा हक्क प्रकाशकाकडेच राहतो. हातातली प्रत मात्र ग्राहकाची. ती त्याने विकावी, मित्राला द्यावी, नाहीतर रद्दीत घालावी.

व्हिडिओ गेमची कार्ट्रिज आणि पुढे डिस्क याच तत्त्वाच्या आश्रयाने हातोहात फिरू लागली. अमेरिकेने १९९० मध्ये संगणकीय सॉफ्टवेअर परवानगीविना भाड्याने देण्यास बंदी घातली. मात्र केवळ गेम खेळण्यासाठी बनवलेल्या यंत्रांवरील खेळांना त्यातून वगळले. त्यामुळे तेथे भाड्याने गेम देणारी दुकाने फोफावली. जपानमध्ये गेम कंपन्यांनी जुन्या गेमच्या विक्रीलाच न्यायालयात आव्हान दिले. गेम हा चित्रपटासारखा असल्याने त्याच्या वितरणावर आपला हक्क कायम राहतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००२ मध्ये तो फेटाळला आणि जुन्या गेमची दुकाने निर्धास्त झाली.

भारतात १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार संगणकीय प्रणालीची प्रत पूर्वी विकली गेलेली असो वा नसो, ती विकण्याचा अधिकार हक्कधारकाकडेच होता. १९९९ च्या दुरुस्तीने 'पूर्वी विकली गेलेली असो वा नसो' या आशयाचे शब्द वगळले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका करविषयक निकालात या बदलाची दखल घेतली. व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्याचा हक्क मात्र आजही हक्कधारकाचाच आहे.

दुकानदाराचा नफा, प्रकाशकाचा रोष

जुन्या गेमच्या व्यवहाराचे गणित सोपे आहे. ग्राहक खेळून झालेली डिस्क दुकानात आणतो. दुकानदार तिची थोडी किंमत देतो, बहुधा पुढील खरेदीतील सवलतीच्या रूपाने, आणि तीच डिस्क नव्यापेक्षा जरा स्वस्तात दुसऱ्याला विकतो. या दुसऱ्या विक्रीतील एक पैसाही गेम तयार करणाऱ्याला मिळत नाही. जुने पुस्तक वाचताना पिवळी पाने, दुमडलेले कोपरे जाणवतात. डिस्क सुस्थितीत असेल तर जुना गेम नव्याइतकाच चालतो. म्हणूनच प्रकाशकांना या बाजाराचा राग. दुसरी बाजूही आहे. जुना गेम विकून आलेल्या पैशांतून अनेक जण नवा गेम घेतात आणि पुढे विकता येईल या भरवशावर महाग गेम घेण्याची हिंमत करतात.

कायदा बदलत नाही म्हटल्यावर कंपन्यांनी तंत्राचा आधार घेतला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या प्रकाशकाने २०१० मध्ये 'ऑनलाइन पास' आणला. नव्या डिस्कसोबत एकदाच वापरता येईल असा सांकेतिक क्रमांक मिळे. इंटरनेटवरून इतरांशी खेळण्यासाठी तो आवश्यक असे. जुनी डिस्क घेणाऱ्याला हा क्रमांक सुमारे १० डॉलर देऊन वेगळा घ्यावा लागे. इतर प्रकाशकांनीही हा कित्ता गिरवला. ग्राहकांच्या नाराजीमुळे इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने मे २०१३ मध्ये ही पद्धत सोडून दिली. त्याच महिन्यात मात्र मायक्रोसॉफ्टने आपला नवा कन्सोल जगासमोर आणला.

चोवीस तासांची हजेरी

'एक्सबॉक्स वन'चे अनावरण २१ मे २०१३ रोजी झाले आणि ६ जूनला कंपनीने गेमच्या मालकीविषयीचे नियम जाहीर केले. या कन्सोलवर प्रत्येक गेम डिस्कवरून यंत्राच्या स्मृतीत उतरवला जाणार होता आणि त्यानंतर डिस्क घालण्याची गरज उरणार नव्हती. सोय मोठी होती. पण त्यातून एक प्रश्न उद्भवत होता. गेम उतरवून घेऊन डिस्क दुसऱ्याला विकली तर एकाच प्रतीवर दोघे खेळतील. यावर कंपनीचा उपाय असा, की गेम ग्राहकाच्या खात्याशी जोडला जाईल आणि त्याची खातरजमा करण्यासाठी कन्सोलने दर २४ तासांनी एकदा तरी इंटरनेटवरून 'हजेरी' लावावी. दुसऱ्याच्या कन्सोलवर आपले गेम खेळत असल्यास ही मुदत अवघ्या एका तासाची. हजेरी चुकली तर गेम बंद.

जुना गेम विकायचा तर तो ठरावीक दुकानांतच आणि तेही प्रकाशकाने मुभा दिली असेल तर. मित्राला गेम द्यायचा तर तो किमान ३० दिवस आपल्या मित्रयादीत असला पाहिजे आणि एक गेम एकदाच असा देता येईल. तात्पुरता उसना देण्याची किंवा भाड्याने घेण्याची सोय सुरुवातीला नसणारच होती. ही व्यवस्था ज्या २१ देशांत चालणार होती, त्यांच्या यादीत भारताचे नाव नव्हते. 'द विचर' ही गाजलेली मालिका जेथे तयार होते, त्या पोलंडचेही नव्हते.

टीकेचे मोहोळ उठले. घरी इंटरनेट नसलेल्यांनी काय करायचे, असे विचारले असता मायक्रोसॉफ्टच्या या विभागाचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांनी अशांसाठी 'एक्सबॉक्स ३६०' हा आधीचा कन्सोल आहेच, अशा आशयाचे उत्तर दिले आणि आगीत तेल ओतले गेले. नौदलात आणि दूरच्या तळांवर सेवा बजावणाऱ्या सैनिकांनीही नाराजी व्यक्त केली.

सोनीची टाळी, मायक्रोसॉफ्टची माघार

लॉस एंजलिस येथील ई-थ्री या वार्षिक मेळ्यात १० जून रोजी सोनीची पाळी आली. सोनीच्या अमेरिकेतील व्यवसायाचे प्रमुख जॅक ट्रेटन यांनी प्लेस्टेशन ४ वर जुन्या गेमसाठी कोणतेही नवे बंधन नसेल, डिस्क विकता येईल, उसनी देता येईल व इंटरनेटची सक्ती नसेल, असे जाहीर करताच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. किंमतही ३९९ डॉलर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याहून १०० डॉलरने कमी. सुरुवातीला उल्लेखलेली चित्रफीत त्याच दिवसाची.

नऊ दिवसांनी, १९ जून रोजी, मायक्रोसॉफ्टने नियम मागे घेतले. पहिल्या वेळी यंत्र सुरू करताना एकदा इंटरनेट जोडावे लागेल, त्यानंतर हजेरी नाही. डिस्क पूर्वीप्रमाणे विका, द्या, भाड्याने घ्या, असे कंपनीने सांगितले. १ जुलैला मॅट्रिक यांनी झिंगा या कंपनीत जात असल्याचे जाहीर केले. पुढे प्लेस्टेशन ४ ची विक्री एक्सबॉक्स वनच्या दुपटीहून अधिक झाल्याचे खुद्द मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा नियामकासमोर मान्य केले. किमतीतील तफावत हेही त्याचे कारण होते. पण पहिल्या महिन्यात गमावलेला विश्वास कंपनीला सहजी परत मिळाला नाही.

या माघारीत एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात आली नाही. मूळ योजनेत कुटुंबातील दहा जणांपर्यंत आपला गेमसंग्रह वाटून घेण्याची सोय होती. हजेरीची अट गेली, तशी ही सोयही गेली. डिस्क मोकळी राहिली. डिस्क नसलेल्या गेमचे काय, हा प्रश्न मागे पडला.

डिस्कच नाहीशी होते तेव्हा

तोच प्रश्न पुढे मोठा झाला. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या गेमचा ग्राहक मालक नसतो. त्याला खेळण्याचा परवाना तेवढा मिळतो. तो विकता येत नाही, कुणाला देता येत नाही. एक्सबॉक्स वन एस या कन्सोलची डिस्कविरहित आवृत्ती २०१९ मध्ये आली. २०२० मध्ये एक्सबॉक्स सिरीज एस डिस्कविनाच बाजारात उतरला आणि प्लेस्टेशन ५ चीही तशी आवृत्ती मूळ कन्सोलपेक्षा १०० डॉलरने स्वस्त मिळू लागली. २०१३ मध्ये जे नियम ग्राहकांनी धुडकावले, त्यांहून कडक अटी त्यांनी पुढच्या काही वर्षांत सोयीपोटी आपण होऊन पत्करल्या. स्वस्त यंत्र घेणाऱ्याला जुन्या डिस्कच्या बाजारात प्रवेशच उरला नाही. त्याला कन्सोल कंपनीच्या एकाच दुकानातून, ते ठरवील त्या किमतीला गेम घ्यावा लागतो.

न्यायालयांनीही ग्राहकाला फारसा आधार दिलेला नाही. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये ओरॅकल कंपनीच्या प्रकरणात उतरवून घेतलेले सॉफ्टवेअर पुन्हा विकता येते, असा निर्वाळा दिला होता. मात्र २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने ई-पुस्तकांना हा न्याय लावण्यास नकार दिला. फ्रान्समधील एका ग्राहक संघटनेने संगणकीय गेम विकणाऱ्या 'स्टीम'विरुद्ध दावा लावला. पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये पुनर्विक्रीच्या बाजूने कौल दिला. अपील न्यायालयाने २०२२ मध्ये तो फिरवला आणि २०२४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही फिरवाफिरव कायम केली. गेममध्ये सॉफ्टवेअरखेरीज चित्रे, संगीत व कथाही असते, म्हणून सॉफ्टवेअरचा नियम त्याला लागू होत नाही, असे त्यामागचे कारण.

आजचे मधले मार्ग

वाटून खेळण्याची दारे अगदीच बंद नाहीत. एक्सबॉक्स व प्लेस्टेशनवर खातेदार एका कन्सोलला 'घरचा' म्हणून नेमू शकतो. त्यावर घरातील इतरांना त्याचे गेम खेळता येतात. निन्टेन्डोने २०२५ मध्ये 'आभासी गेम कार्ड' आणले. उतरवलेला गेम कुटुंबगटातील व्यक्तीला दोन आठवडे उसना देता येतो. तेवढा काळ मालकाला तो खेळता येत नाही. छापील पुस्तकाचा जुना न्याय येथे मुद्दाम पुन्हा निर्माण केला आहे. त्याच वर्षी ५ जूनला आलेल्या 'स्विच २' साठी काही गेमच्या कार्डात केवळ 'किल्ली' असते. प्रत्यक्ष गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो आणि खेळताना कार्ड यंत्रात असावे लागते. हे कार्ड विकता व देता येते. मात्र ज्या सर्व्हरवरून गेम यायचा, तो सुरू असेपर्यंतच त्याला अर्थ आहे.

ही शंका काल्पनिक नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा मोटारशर्यतीचा गेम खेळण्यासाठी इंटरनेट अनिवार्य होते. कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले आणि डिस्क हाती असलेल्यांच्याही पदरी नुसती चकती उरली. अशा प्रकारांच्या पार्श्वभूमीवर कॅलिफोर्नियाने केलेला कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर दुकानाला तसे स्पष्ट सांगितल्याविना 'विकत घ्या' असे शब्द वापरता येत नाहीत. हा कायदा हक्क देत नाही. पण व्यवहाराला त्याचे खरे नाव देतो.

कन्सोल घेणाऱ्याने म्हणूनच किमतीच्या पाटीपलीकडे तीन गोष्टी पाहाव्यात: यंत्रात डिस्क चालते का, डिस्कवर किंवा कार्डावर पूर्ण गेम आहे का, आणि इंटरनेट नसताना तो सुरू होतो का. तिन्हींची उत्तरे 'होय' असतील, तर खेळून झालेला गेम त्या चित्रफितीतल्याप्रमाणे मित्राच्या हाती ठेवता येईल. अन्यथा खात्यात दिसणारा गेमसंग्रह कितीही मोठा असला, तरी तो दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या मर्जीने ठेवलेला आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.